कॉम्प्रेसर एकटा जात नाही

नवतपा लागला की आमच्या भागात नागपूरची कामे सकाळीच उरकण्याकडे कल असतो. पांढुर्ण्याहून निघा नाहीतर सौंसरहून, दोन्ही वाटा सावनेरला मिळतात आणि तिथून पुढे एकच रस्ता. सकाळी नऊच्या आत पोहोचला तो सुटला. दुपारी परतणाऱ्याची सगळी भिस्त गाडीच्या एसीवर असते, आणि नेमका याच दिवसांत एसी दगा देतो. सुरुवातीला गाडी पळत असते तोवर हवा गार लागते, गर्दीत थांबली की कोमट. काही दिवसांनी बोनेटखालून कुरकुर ऐकू येऊ लागते. मग एका दुपारी पट्टा किंचाळतो, रबर जळाल्याचा वास येतो आणि मेकॅनिक दोन शब्दांत निकाल देतो: कॉम्प्रेसर गेला.

नवा कॉम्प्रेसर बसतो, गॅस भरला जातो, गारवा परत येतो. पोळा जातो, दिवाळी जाते, पुढचा उन्हाळा उजाडतो आणि नवा कॉम्प्रेसरही जातो. माझ्या जुन्या गाडीत हे घडले. पहिला कॉम्प्रेसर मी घरीच बदलला होता. चार बोल्ट, दोन नळ्या, एक वायर, एक पट्टा. काम अर्ध्या दिवसात झाले आणि मला त्याचा अभिमानही वाटला. सात महिन्यांत तो अडकला. बोल्ट सगळे नीट आवळलेले होते. पहिला कॉम्प्रेसर कशाने गेला हे मी विचारलेच नव्हते, आणि जे त्याला घेऊन गेले ते नळ्यांमध्ये तसेच बसून होते.

माठ, कूलर आणि गाडी

माठातले पाणी गार का होते हे घरातल्या लेकरालाही ठाऊक असते. पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जाते. कूलरमध्ये हेच घडते, फक्त पंखा वाफ व्हायला मदत करतो. श्रावणात कूलर निकामी ठरतो, कारण हवा आधीच ओली असते आणि वाफ व्हायला जागा उरत नाही.

गाडीचा एसी हाच खेळ बंद नळीत खेळतो. पाण्याच्या जागी तिथे असा द्रव असतो जो अगदी थंडीतही उकळतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए नावाचा वायू आहे. उघड्यावर सोडला तर तो उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याला कमी दाबाखाली उकळू दिले जाते. उकळताना तो गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती गार झालेली हवा आपल्याकडे ढकलतो.

माठातली वाफ उडून जाते, आपण वरून तांब्याभर पाणी घालतो. गाडीत तसे करता येत नाही. झालेली वाफ गोळा करून तिचा पुन्हा द्रव करावा लागतो. द्रव करायचा म्हणजे तिच्यातली उष्णता बाहेर टाकायची, आणि बाहेर तर ४५ अंशांचा फुफाटा आहे. गार वाफ आपली उष्णता गरम हवेला देणार कशी?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. दाब वाढला की उकळण्याचे तापमान चढते, आणि वाफेचा पुन्हा द्रव होण्याचे तापमानही तेवढेच चढते. वाफेला दाबून दाबून तिचा दाब बाहेरच्या हवेच्या सोळा-सतरा पट केला की ती ६० अंशांनाच द्रव व्हायला तयार होते. आता ४५ अंशांची हवा तिच्यापेक्षा थंडच आहे. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीवरून वारा गेला की वाफेचा द्रव होतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो कूलिंग कॉइलमध्ये फवारला जातो, दाब एकदम उतरून हवेच्या तिपटीच्या आसपास येतो आणि शून्य अंशाच्या आगेमागे द्रव पुन्हा उकळू लागतो. तिपटीवरून सतरापटीवर नेण्याचे हे कष्ट कॉम्प्रेसरचे.

तिरप्या ताटाचा पंप

बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये एका दांड्यावर ताटासारखी चकती तिरपी बसवलेली असते. ताट तिरपे धरून फिरवले तर त्याच्या काठाचा कोणताही बिंदू पुढे-मागे होताना दिसतो. त्या काठाला पाच-सात छोटे पिस्टन अडकवले की दांडा फिरताना ते आळीपाळीने ओढतात आणि ढकलतात. हातपंपाची दांडी आपण वर-खाली करतो, इथे ते काम ताटाचा तिरपेपणा करतो. काही कॉम्प्रेसरमध्ये हा तिरपेपणा गरजेनुसार कमी-जास्त होतो.

दांडा फिरवायला इंजिनाचा पट्टा असतो. पण एसी बंद असला तरी पट्टा तर फिरतोच. जुन्या इंजिनावरच्या पिठाच्या गिरणीत एक मोकळी पुली असे, काम नसले की पट्टा तिच्यावर सरकवायचा. कॉम्प्रेसरची पुलीही अशीच मोकळी फिरते. बटण दाबले की पुलीच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज जाते, त्याचे चुंबक होते आणि समोरची चकती टक्कन पुलीला चिकटते. ही झाली क्लच. चकती आणि पुली यांच्यात मोकळी जागा असते ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

या पंपाला तेल लागते, आणि इंजिनासारखी तेलाची वेगळी टाकी त्याला नसते. छोट्या गाडीच्या अख्ख्या एसीत साधारण शंभर-दीडशे मिलिलिटर तेल असते आणि ते गॅसबरोबर नळ्यांतून फिरत फिरत कॉम्प्रेसरकडे परत येते. गॅस कमी झाला की तेल परतणे मंदावते. गारवा कमी झाला एवढेच आपल्याला कळते. आत पिस्टन कोरडे घासू लागलेले असतात, ते कळत नाही.

खरेच कॉम्प्रेसर गेला का?

कॉम्प्रेसर ही एसीतली सर्वांत महाग वस्तू आहे, म्हणून पाना हाती घेण्याआधी हा प्रश्न सोडवायलाच हवा. गाडी सुरू करून एसीचे बटण दाबा आणि कान द्या. टक्क आवाज आलाच नाही तर दोष बहुधा विजेत किंवा गॅसच्या प्रमाणात आहे. फ्यूज बघा, रिले बघा. गॅस फारच कमी असेल तर प्रेशर स्विच क्लचला वीजच देत नाही, कॉम्प्रेसर वाचावा म्हणून. क्लचच्या वायरवर बारा व्होल्ट येत असतील आणि तरी चकती चिकटत नसेल तर वेटोळे जळलेले असते किंवा झिजून मधली जागा वाढलेली असते. अशा वेळी अनेक मॉडेलांत फक्त क्लच बदलता येते. (काही नव्या गाड्यांत क्लच नसतेच, दांडा सतत फिरतो. तिथे ‘टक्क’ची वाट पाहू नये.)

एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर ते पुलीचे बेअरिंग. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर खोट आत आहे. इंजिन बंद करून, पट्टा उतरवून, पुढची चकती हाताने फिरवून पाहा. हलतच नसेल तर कॉम्प्रेसर जॅम झाला, आता वाद नाही.

> चौकट: गेजचे दोन काटे काय सांगतात
> एसी चालू असताना कमी दाबाचा निळा काटा आणि जास्त दाबाचा लाल काटा एकत्र वाचायचे असतात. निळा खूप वर, लाल खूप खाली, दोघे जवळजवळ सारखे: पंप दाबतच नाही, कॉम्प्रेसर आतून गेला. दोन्ही खाली: गॅस कमी, कुठेतरी गळती. दोन्ही वर: कंडेन्सरला वारा मिळत नाही, नाहीतर गॅस जास्त भरला किंवा आत हवा राहिली. निळा जवळजवळ शून्यावर: व्हॉल्व्ह किंवा ओल शोषणारा ड्रायर तुंबला.
> गाडी बंद असतानाच्या दाबावरून गॅस किती आहे हे कळत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखेच हे. आत थोडा जरी द्रव उरलेला असला तरी दाब तापमानावर ठरतो. ४० अंशांना तो १३० पाउंडांच्या आसपास दिसेल, आत ४५० ग्रॅम असो की २०० ग्रॅम.

कशाने गेला?

आमच्याकडे पहिला संशय मी कंडेन्सरवर घेईन. संत्र्याच्या बागांकडे आणि कपाशीच्या शेतांकडे जाणारे रस्ते धुळीचे आहेत. गाडीच्या तोंडाशी बसलेली ही जाळी धूळ, काडीकचरा, कापसाचे तंतू आणि किडे पोटात घेत राहते. पळत्या गाडीला वारा भरपूर मिळतो म्हणून हायवेवर गार वाटते. गाडी थांबली की सगळी मदार पंख्यावर येते, आणि बुजलेल्या जाळीतून पंखा किती वारा ओढणार? दाब चढत जातो, कॉम्प्रेसर तापतो, तेल पातळ होते. सुरुवातीचे कोडे, म्हणजे पळताना गार आणि थांबल्यावर कोमट, ते इथे सुटते. ती तक्रार नसून आगाऊ सूचना असते. हलक्या धारेच्या पाण्याने जाळी धुणे आणि पंखा फिरतो का पाहणे, एवढ्याने कितीतरी कॉम्प्रेसर वाचले असते असे मला वाटते.

दुसरा संशय दरवर्षीच्या ‘गॅस टॉप-अप’वर. गॅस हे पेट्रोल नव्हे, तो जळत नाही आणि संपत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. गॅस निघतो तिथून तेलही निघते. टॉप-अप करताना तेल कोणी मोजत नाही, आणि गॅस अंदाजाने भरला तर तो कधी जास्तही होतो. जास्त गॅस द्रवरूपात कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर पिस्टनला तो दाबता येत नाही, कारण द्रव दबत नसतो. मग व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या तुटतात.

तिसरा संशय ओलीवर. आत शिरलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते आणि तेलाशी-गॅसशी मिळून आम्ल बनवते. ते आतून धातू खात राहते.

नळीत काय उरले आहे?

जुना कॉम्प्रेसर निघाला की त्यातले तेल पांढऱ्या सुती कापडावर ओता. माझ्या मते साऱ्या कामातली सर्वांत मोलाची तपासणी हीच. तेल स्वच्छ, फिकट असेल तर नवा कॉम्प्रेसर, नवा ड्रायर आणि सांध्यांतल्या नव्या ओ-रिंगांवर भागते. ते काळे असेल आणि उन्हात धरल्यावर चमकत असेल तर पिस्टन आणि ताट घासून निघालेली ॲल्युमिनियमची पूड त्यात आहे. ही पूड कॉम्प्रेसरपुरती राहत नाही, गॅसबरोबर पुढे जाऊन कंडेन्सरमध्ये साचते.

पुष्कळांना वाटते कंडेन्सर धुऊन घेऊ. आजच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांत मिलिमीटरभराचे कितीतरी समांतर मार्ग असतात. दोन मार्ग तुंबले तर धुण्याचे द्रावण मोकळ्या मार्गांनी निघून जाते आणि घाण जिथल्या तिथे राहते. काही दिवसांनी ती सुटते, फिरून नव्या कॉम्प्रेसरमध्ये येते. माझ्या गाडीत नेमके हेच झाले. काळे तेल मला दिसले होते आणि मी ते पुसून टाकले होते. अशा वेळी कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तिन्ही नवे घ्यावेत. लांब नळ्या आणि कूलिंग कॉइल एसीसाठीच्या द्रावणाने धुऊन कोरड्या नायट्रोजनने सुकवाव्यात. खर्च वाढतो हे खरे, पण दुसऱ्या कॉम्प्रेसरपेक्षा तो कमीच भरतो.

घरी कुठपर्यंत?

बोल्ट घरी, गॅस यंत्रावर, अशी माझी वाटणी आहे. काम सुरू करण्याआधी, आत गॅस शिल्लक असेल तर तो ओढून घेणारे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी न्यावी. नट ढिला करून फुस्सकन सोडून देण्याची सवय फार पसरली आहे आणि ती वाईट आहे. बाहेर येणारा द्रव कातडीवर किंवा डोळ्यांत गेला तर क्षणात गोठवतो, आगीशी आला तर विषारी धूर होतो. आणि आर-१३४ए हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट भारी आहे. छोट्या गाडीतले ४५० ग्रॅम सोडून देणे म्हणजे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्याइतके होते.

आर-१३४एच्या आधी गाड्यांत आर-१२ असे. त्याने ओझोनचा थर विरळ होतो हे कळल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि २०१० पर्यंत भारताने तसल्या वायूंचे उत्पादन थांबवले. आता आर-१३४एची पाळी आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०३२ पासून तो टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. दरम्यान १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालवाहू ट्रकच्या केबिनलाही एसी सक्तीचा झाला आहे. नागपूर-बैतुल रस्त्यावर नवतप्यात गाडी हाकणाऱ्या चालकाला तो मिळायलाच हवा होता. पण त्यामुळे हा गॅस नीट हाताळणारे हात आमच्या भागात आणखी लागणार आहेत.

गॅस काढून झाला की घरी आणून इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पट्ट्याच्या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्या. पट्टा उतरवा, वायर काढा, दोन नळ्या सोडवा आणि त्यांची तोंडे त्याच क्षणी बुचाने किंवा स्वच्छ प्लास्टिकने बंद करा. एसीचे तेल हवेतली ओल शोषते, श्रावणात उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटावे तसे. ड्रायर म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी. तिची वेष्टने सगळ्यांत शेवटी काढायची, आणि जुना ड्रायर परत बसवायचा मोह टाळायचा. मी तो टाळला नव्हता.

तेलाचा हिशेब सावकाश करावा. जुन्या कॉम्प्रेसरमधून निघालेले तेल मोजा. नवा बहुधा भरूनच येतो. त्यातलेही ओतून मोजा. फक्त कॉम्प्रेसर बदलत असाल तर जुन्यात होते तेवढे आणि वर थोडे, एवढेच ठेवा, कारण बाकीचे नळ्यांत आहेच. गळतीमुळे जुन्यात फारच कमी निघाले किंवा सारे धुऊन काढले असेल तर मात्र गाडीच्या पुस्तिकेतले पूर्ण प्रमाण लागते. तेलाची जात नव्या कॉम्प्रेसरवरच्या लेबलाशी जुळली पाहिजे. ओ-रिंग तेच तेल लावून बसवा, कोरड्या बसवल्या की पिळवटून फाटतात. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा. शेवटी पुढची चकती हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा, म्हणजे पिस्टनवर साचलेले तेल पुढे सरकते आणि पहिल्याच फेरीत काही तुटत नाही.

हायब्रीड किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी केबल कॉम्प्रेसरला जाताना दिसली तर यातले काहीच घरी करू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

हवा उपसणे

आता सारे बंद झाले, पण आत हवा आणि तिच्याबरोबरची ओल आहे. हवा कंडेन्सरमध्ये कधीच द्रव होत नाही, नुसती जागा अडवून दाब वाढवते. म्हणून व्हॅक्यूम मारायचा. कुकरची गोष्ट इथे उलटी लागू पडते. दाब घटला की पाणी कमी तापमानाला उकळते. ४५ अंशांच्या दुपारी दाब हवेच्या दहाव्या हिश्शाच्या खाली नेला की पाणी उकळून वाफ होते आणि पंप ती ओढून घेतो. पण उकळताना ते स्वतः गार होते आणि पुढचे पाणी उडायला वेळ घेते. पाच मिनिटांत काटा खाली गेला म्हणून काम झाले असे नसते, अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. मग पंप बंद करून काटा पाहत थांबायचे. तो वर चढू लागला तर गळती आहे किंवा आत अजून पाणी आहे.

काही ठिकाणी जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम मारतात, काही ठिकाणी नुसत्या गॅसनेच हवा हाकलतात. पहिल्याने पुरेसा खोल व्हॅक्यूम येत नाही, दुसऱ्याने ओल हलत नाही. खरा व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा असलेले दुकान शोधायला नागपूरपर्यंत जावे लागले तरी जावे. क्लच असलेली गाडी तिथवर चालवत नेता येते, फक्त क्लचची वायर काढून ठेवायची, म्हणजे पुली मोकळी फिरेल. बिनक्लचच्या गाडीत दांडा कोरडाच फिरत राहील, ती तशी नेऊ नये.

काट्यावर मोजलेला गॅस

बोनेटखालच्या लेबलवर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. छोट्या गाडीला तो बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान. तो वजनानेच भरून घ्या. ‘हात लावून बघा, नळी गार झाली’ हे माप नव्हे. स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही मिश्रण स्वस्तात भरून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्या, कारण कूलिंग कॉइल गळली तर तो वायू बसल्या जागी तुमच्या केबिनमध्ये येतो.

भरल्यावर दहा मिनिटे एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवा आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर धरा. बाहेर चाळिशी असताना १० ते १५ अंशांची हवा आली तर काम नीट झाले आहे. पुढच्या आठवड्यात सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट चढताना हवा क्षणभर कोमट झाली तर घाबरू नका. जोराचा चढ आला की अनेक गाड्यांचा संगणक इंजिनाचे ओझे कमी करायला क्लच थोडा वेळ सोडतो. आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत गाडीखाली एक थेंब पडला नाही, पण पोळ्याच्या सुमारास उभ्या गाडीखाली वाटीभर पाणी साचलेले दिसले, तर बोट लावून पाहा. ते निव्वळ पाणी असते. कूलिंग कॉइलवर दमट हवेतली ओल जमून नळीवाटे खाली आलेली असते.